गोलांचा रकाना सगळ्यात शेवटी वाचा

घाटंजी तालुक्यातल्या एका भाऊंनी विचारलं आहे. त्यांची मुलगी नववीत आहे, शाळेच्या हँडबॉल संघात उजव्या विंगला खेळते आणि डावखुरी आहे. यंदा विभागाच्या संघातून तिचं नाव गळालं. कारण सांगितलं गेलं, ‘गोल कमी आहेत’. महिलांच्या विश्वचषकात खेळणाऱ्या देशांच्या संघयाद्या ती मोबाइलवर पाहून वहीत उतरवून घेते. तिचे प्रश्न तीन. साठ-सत्तर सामने खेळून जेमतेम वीस गोल केलेली बाई राष्ट्रीय संघात कशी काय? एकाच गोलपोस्टसाठी तीन-तीन गोली कशाला? आणि आपल्याकडच्या मुलीचं नाव अशा यादीत कधी येऊ शकतं का?

भाऊ, तालुक्याच्या शाळेत खेळ शिकवत माझी बरीच वर्षं गेली. पालक विचारतात ते बहुतेक प्रमाणपत्राबद्दल आणि वाढीव गुणांबद्दल. इतके नेमके प्रश्न फार कमी वेळा येतात, म्हणून सविस्तर लिहितो. मुलीला शेजारी बसवूनच वाचा.

राष्ट्रीय संघ म्हणजे देशातल्या सगळ्यात चांगल्या सोळा जणी, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. संघ निवडला जातो तो कामं वाटून. पंगतीत सगळेच वाढपी झाले तर चुलीपाशी कोण बसणार? यादी वाचताना ‘ही किती चांगली’ हे नंतर बघा. आधी ‘हिच्याकडे काम कोणतं’ हे विचारा. एवढं जमलं की तुमच्या मुलीचे पहिले दोन प्रश्न आपोआप सुटतात, आणि तिसऱ्याचंही निम्मं उत्तर मिळतं.

मैदान ४० मीटर लांब, २० मीटर रुंद. त्यावर एका वेळी एका संघाच्या सात जणी. एक गोली, दोन्ही कोपऱ्यांत दोन विंग, मागे डावी बॅक, सेंटर बॅक, उजवी बॅक, आणि समोरच्या बचावाच्या भिंतीत घुसून उभी राहणारी पिव्होट. सात जागा, प्रत्येक जागेला दोघी धरल्या की चौदा होतात. विश्वचषकात एका सामन्याच्या पत्रकावर सोळा नावं लिहिता येतात. म्हणजे दोन जागा उरल्या. या दोन जागांवर कोण आहे ते बघा, प्रशिक्षकाला धास्ती कशाची आहे ते कळेल. गोलीची चिंता असेल तर तिसरी गोली घेतील. बचाव कच्चा वाटत असेल तर फक्त बचावासाठी एक धिप्पाड बाई घेतील. सेंटर बॅक नुकती दुखापतीतून उठली असेल तर त्या जागेला तिघी दिसतील. ऑलिंपिकचा संघ चौदाचाच असतो, तिथे ही चैन नाही. म्हणून ऑलिंपिकच्या यादीत दोन-दोन जागा सांभाळणाऱ्या मुलींना भाव येतो.

या सोळांच्या मागे आणखी एक मोठी यादी असते. विश्वचषकाच्या आधी प्रत्येक देश पस्तीस नावांपर्यंतची प्राथमिक यादी देतो. ऐनवेळी कुणाचा गुडघा गेला, कुणाचा घोटा मुरगळला, तर बदली खेळाडू त्या पस्तिसांतूनच घ्यावी लागते. म्हणजे तिसाव्या नंबरवरच्या मुलीलाही सरावात ढिलाई परवडत नाही. आपल्याकडे राखीव खेळाडू म्हटलं की पोरीचं तोंड उतरतं आणि घरचे म्हणतात, ‘मंग कायले जातेस बाप्पा?’ ही पस्तीसची गोष्ट त्यांना जरूर सांगा.

आता रकाने. नंबर, जागा, जन्मतारीख, आंतरराष्ट्रीय सामने, गोल आणि क्लब. नंबरावर फार वेळ घालवू नका. १, १२ आणि १६ हे परंपरेने गोलींचे नंबर, इतकं माहीत असलं तरी पुरे.

गोलांचा रकाना मात्र समजून घ्यायला हवा, कारण तुमच्या मुलीवर अन्याय झाला तो याच रकान्यामुळे.

गोल कोण करतं? विंग करते, कारण फास्ट ब्रेकमध्ये, म्हणजे बॉल मिळताच समोरच्या परतायच्या आत केलेल्या हल्ल्यात, तीच सगळ्यात आधी पळते आणि समोर फक्त गोली असते. बॅक करते, कारण नऊ मीटरवरून उडी मारून फेकायचं कामच तिचं. आणि संघाची पेनल्टी मारणारी करते. सात मीटरवरून, मोकळ्या हाताने, समोर एकटी गोली. एखाद्या विंगच्या नावापुढे भरमसाठ गोल दिसले तर त्यातले किती पेनल्टीचे, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. आणि ती पेनल्टी मिळवली कुणी? बहुतेक वेळा पिव्होटने. दोन बचावपटूंच्या मध्ये पाठ करून उभी राहिली, बॉल हातात घेतला, वळली, आणि कुणीतरी मागून ओढलं. शिट्टी वाजली, पेनल्टी मिळाली. ढकलाढकली, कोपराचे मार आणि निळं पडलेलं अंग पिव्होटच्या वाट्याला, गोल दुसरीच्या नावावर.

आता ती साठ-सत्तर सामने आणि वीस गोलवाली बाई. पुढचा सामना बघाल तेव्हा पाच मिनिटं बॉलकडे बघूच नका. मधल्या रेषेच्या बाजूला, आपापल्या बाकासमोर, साडेचार मीटरचा एक पट्टा असतो. बदली तिथूनच करायची. हँडबॉलमध्ये बदलीला पंचांची परवानगी लागत नाही, मोजदादही नाही. एक बाहेर आली की दुसरी आत. त्या पट्ट्याकडे डोळा ठेवा. आपल्या संघाचा हल्ला संपला, बॉल गेला, की एक जण तिरपी धावत बाकाकडे येते. तिचा पाय रेषेबाहेर पडतो न पडतो तोच दुसरी आत उडी घेते आणि थेट डीच्या, म्हणजे गोलपोस्टपुढच्या अर्धगोल जागेच्या, रेषेबाहेर मधोमध जाऊन उभी राहते. समोरून हल्ला येतो. ती अंगावर घेते, हात वर करून बॉल अडवते, पिव्होटला चिकटून राहते. बॉल परत मिळाला की ती पुन्हा बाकाकडे धावते आणि मघाची बॅक आत येते. साठ मिनिटं हेच चालू असतं. या बाईने समोरच्या गोलाकडे तोंडसुद्धा क्वचित केलेलं असतं. वीस गोल झाले तेही फास्ट ब्रेकमध्ये चुकून पुढे राहिली म्हणून. पण तिला काढा आणि समोरच्यांचे गोल मोजा.

बचावाच्या मधल्या दोघींवर सगळा संघ उभा असतो. त्या बोलक्या लागतात. कोण कुणाला धरणार, कधी पुढे जायचं, कधी मागे यायचं, हे त्या ओरडून सांगतात. दोन-दोन मिनिटं बाहेर बसायच्या शिक्षा बहुतेक त्यांनाच मिळतात, आणि तिसऱ्या शिक्षेला लाल कार्ड मिळून त्या बाहेर जातात. म्हणून शहाणा प्रशिक्षक मधल्या बचावासाठी तिघी-चौघी तयार ठेवतो. यादीत सामने भरपूर आणि गोल तुरळक असं नाव दिसलं, आणि ती गोली नसली, की समजायचं, या संघाची भिंत हीच.

आपल्या जिल्ह्याच्या, विभागाच्या निवडीत काय होतं? दोन दिवसांत निवड उरकायची असते. उन्हात मुली उभ्या असतात आणि हातातल्या कागदावर गोलांचे आकडे असतात. वरचे आकडे घेतले की झाला संघ. मग त्या संघात सहा बॅक भरतात, पिव्होट एकच, डावखुरी कोणी नाही, आणि गोली म्हणून जी उरली ती. असा संघ राज्य स्पर्धेत पहिल्याच फेरीत वीस-वीस गोलांनी हरून येतो आणि लोक म्हणतात, विदर्भाच्या पोरींत दम नाही. दम भरपूर आहे. आमच्या पोरी सकाळी पाण्याचे गुंड भरून, भावंडांचं आवरून मैदानावर येतात आणि तरी तास-तासभर पळतात. चुकते ती निवड. हे मी निवड समित्यांसमोर बोललो आहे आणि इथेही ठासून सांगतो, गोलांच्या बेरजेने संघ होत नाही.

आता गोली. या विषयावर मला थांबवत नाही.

गोलपोस्ट तीन मीटर रुंद, दोन मीटर उंच. सहा-सात मीटरवरून येणारा बॉल बघून, ठरवून अडवता येत नाही. तेवढा वेळच नसतो. गोली फेकणारीचा खांदा वाचते, मनगट वाचते, उडी कुठल्या पायावर घेतली ते वाचते, आणि बॉल सुटायच्या आधीच हलते. दहापैकी तीन फेकी अडवल्या तर गोली चांगली खेळली असं मानतात. चार अडवल्या तर सामना बहुधा तिनेच जिंकलेला असतो. बाकी कुठल्याही जागेवर दहापैकी सात वेळा हरून चांगलं ठरता येत नाही. तेवढं काळीज लागतं. काही गोली बॅकच्या लांबच्या फेकींवर भारी असतात, काही विंगच्या कोनांवर, आणि काहींना फक्त पेनल्टीसाठी आत आणतात. म्हणून यादीत दोन किंवा तीन. एकीचा दिवस नसेल तर दहा मिनिटांत दुसरी. यात पहिलीचा अपमान नसतो.

आमच्या शाळांत गोली कशी ठरते? जी जाड, जी पळत नाही, जी शेवटी उरली, तिला म्हणायचं, ‘तू पोस्टमध्ये उभी राह्य.’ पोरगी रडवेली होते. ‘सर, मले गोली नाही व्हायचं’ हे वाक्य मी दर हंगामात ऐकतो. मग मी तिला अंगोलाच्या तेरेसा अल्मेदाची गोष्ट सांगतो. लोक तिला ‘बा’ म्हणतात. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तिच्या भारी अंगाची चर्चा जगभर झाली, आणि त्याच अंगाने ती फेकी अडवत होती. अख्खं स्टेडियम तिच्या नावाने ओरडत होतं आणि अंगोलाचा संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. दुसरी गोष्ट नॉर्वेच्या कात्रिने लुंदेची. जन्म १९८० चा. २००८ आणि २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्ण, आणि २०२४ मध्ये पॅरिसला, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, पुन्हा सुवर्ण. अंतिम सामन्यात फ्रान्सविरुद्ध २९–२१. मध्ये ती आई झाली, परत आली. यादीतला जन्मतारखेचा रकाना वाचताना मुलीला हे नाव दाखवा, आणि घरातल्या मोठ्यांनाही. आमच्याकडे बारावी झाली की खेळ संपला, लग्न ठरलं की बूट कुणाला तरी दिले, असं सहज होतं. जगात या खेळातल्या बायका पंचविशीनंतर खऱ्या पिकतात.

गोलीच्या नावापुढेही कधी कधी पाच-दहा गोल दिसतील, त्याने गोंधळू नका. २०१६ च्या नियमांपासून गोलीला बाहेर बोलावून सातवी खेळाडू हल्ल्यात घालणं सोपं झालं. त्यात बॉल गेला की समोरची गोली आपल्या डीमधूनच रिकाम्या पोस्टमध्ये फेकते.

आता तुमच्या मुलीचं मुख्य भांडवल, तिचा डावा हात.

हे सांगून पटत नाही, करून बघा. शाळेच्या मैदानावर फक्कीने डी आखलेली असेल. हल्ला करणाऱ्याच्या उजव्या कोपऱ्यात, डीच्या रेषेपाशी मुलीला उभी करा, तोंड गोलपोस्टकडे. सुतळीचे दोन लांब तुकडे घ्या, एक जवळच्या खांबाला बांधा, एक दूरच्या. दोन्हींची मोकळी टोकं तिच्या उजव्या हातात द्या आणि फेकताना जसा हात वर, बाजूला जातो तसा न्यायला सांगा. सुतळ्या ताणून धरा आणि दोन सुतळ्यांमधली फट बघा. मग तीच टोकं डाव्या हातात द्या. फट एकदम रुंदावते. कारण उजव्या कोपऱ्यात उजवा हात मैदानाच्या बाहेरच्या बाजूला जातो आणि डावा हात गोलाच्या मध्याकडे येतो. त्यात ती डीवरून आत झेप घेणार. रेषेवर पाय पडायला नको, हवेत मात्र चालतं. म्हणजे झेपेत तो हात आणखी मधोमध जातो. उजव्या हाताची मुलगी याच कोपऱ्यातून फेकेल तेव्हा तिला गोलीच्या काखेएवढी जागा दिसेल. तुमच्या मुलीला दूरचा सबंध कोपरा दिसेल. उजव्या बॅकलाही हेच लागू होतं.

म्हणून मोठ्या युरोपीय संघांच्या याद्यांत उजवी विंग आणि उजवी बॅक या दोन जागांवर साधारण चार-पाच डावखुऱ्या दिसतात. नॉर्वेची नोरा मोर्क ही उजवी बॅक, डाव्या हाताची. गुडघ्यांच्या कितीतरी शस्त्रक्रिया होऊनही संघ तिची वाट बघत राहिला, यात तिच्या डाव्या हाताची किंमत दिसते. डावखुरी माणसं मुळात थोडी, त्यातून हँडबॉल खेळणारी आणखी थोडी. ज्या जिल्ह्याला एक डावखुरी मुलगी मिळाली आहे त्याने तिला जपलं पाहिजे. तुमच्या मुलीचे गोल कमी का आहेत, तेही तपासा. आमच्या शाळांच्या संघात बॉल डाव्या बाजूलाच फिरतो, कारण सगळ्या उजव्या हाताच्या. उजव्या कोपऱ्यात उभ्या मुलीकडे सामन्यात चार-पाचदाच बॉल येतो. तिने त्यातले तीन गोल केले तर ती संघातली सगळ्यात अचूक फेकणारी आहे. बारा गोल करणारीने तीस फेकी घेतल्या असतील, पण ते कागदावर कुणी लिहीत नाही.

एक कळकळीची विनंती. जेवताना, लिहिताना डाव्या हाताला फटका मारून उजवा वापरायला लावणारे अजून गावात आहेत. घरात ते होऊ देऊ नका.

उंचीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण ती भीती प्रत्येक घरात असते. युरोपच्या बॅक उंच असतात हे खरं. आणि दक्षिण कोरियाच्या मुली त्यांच्या तुलनेत बुटक्या, तरी १९८८ आणि १९९२ अशी लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णं त्यांनी घेतली, १९९५ चा विश्वचषक जिंकला. २००४ मध्ये अथेन्सला डेन्मार्कविरुद्धचा अंतिम सामना दोन जादा वेळांनंतरही बरोबरीत राहिला आणि पेनल्टींवर सुटला. डेन्मार्क जिंकलं, पण तो सामना पाहणारे आजही कोरियाचं नाव आधी घेतात. पाय आणि पास, या दोन गोष्टींवर कोरिया उभी राहिली. विंगला आणि सेंटर बॅकला तर उंचीपेक्षा पहिली तीन पावलंच महत्त्वाची. नियम तीनच पावलांचा आहे, ती किती झपाट्याने टाकता यावर सगळं.

क्लबचा रकाना आता. हा वाचायला शिकलात तर देशाचं क्रीडाधोरण कळतं. ब्राझीलचं उदाहरण मला फार आवडतं. दक्षिण अमेरिकेतल्या कुठल्याही देशाने महिलांचा हँडबॉल विश्वचषक जिंकला नव्हता. ब्राझीलने आपल्या बऱ्याच खेळाडू ऑस्ट्रियातल्या हायपो या एकाच क्लबकडून खेळायला पाठवल्या. वर्षभर एकत्र सराव, युरोपच्या संघांशी गाठ, एकमेकींच्या पासची सवय. डेन्मार्कचे मॉर्टन सोबाक प्रशिक्षक होते. २०१३ मध्ये सर्बियात, बेलग्रेडच्या घरच्या प्रेक्षकांसमोर, त्यांनी यजमान सर्बियालाच अंतिम सामन्यात २२–२० ने हरवलं. त्या यादीचा क्लबचा रकाना वाचला की एकच नाव वरचेवर दिसतं, आणि विजयाचं कारण तिथेच सापडतं.

आपल्या देशाच्या यादीत या रकान्यात रेल्वे, पोलीस, निमलष्करी दलं किंवा राज्याचं नाव दिसतं. म्हणजे आपल्याकडे खेळ टिकतो तो नोकरीवर. यात वाईट काही नाही, पालकांनी ते समजून घ्यावं इतकंच. महाराष्ट्रात खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, त्यामुळे अधिकृत स्पर्धांची प्रमाणपत्रं सांभाळून ठेवणं म्हणजे लोभ नव्हे.

आणि तिसरा प्रश्न, नाव येऊ शकतं का? भारताचा वरिष्ठ महिला संघ अजून विश्वचषकात उतरलेला नाही, हे आधी स्पष्ट सांगतो. आशियातून तिथे जाण्याची वाट आशियाई अजिंक्यपद स्पर्धेतून जाते. तिथे कोरिया, जपान, चीन, कझाकस्तान, इराण यांच्याशी गाठ पडते. डिसेंबर २०२४ मध्ये ही स्पर्धा नवी दिल्लीतच झाली. अंतिम सामन्यात जपानने कोरियाला एका गोलाने हरवलं. पण खालच्या वयोगटात चित्र हललं आहे. मार्च २०२२ मध्ये कझाकस्तानातल्या अल्माटीत आपल्या ज्युनिअर मुलींनी आशियाई स्पर्धा जिंकली आणि त्याच वर्षी स्लोव्हेनियात ज्युनिअर विश्वचषक खेळल्या.

आता हिमाचल प्रदेशातल्या बिलासपूर जिल्ह्यातलं मोरसिंघी हे गाव लक्षात ठेवा. छोटंसं गाव. तिथे एका प्रशिक्षक दांपत्याने मुलींसाठी हँडबॉलची नर्सरी सुरू केली, मुलींना तिथेच ठेवून घेतलं, शाळा आणि सराव एकत्र बांधला. भारताच्या संघांत त्या एका गावातून तयार झालेल्या मुली सातत्याने दिसतात. डोंगरातल्या गावाला जे जमलं ते आपल्या काळ्या मातीला का जमू नये? आपल्याकडे अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे, तिथे शिकलेले शारीरिक शिक्षण शिक्षक विदर्भाच्या तालुक्या-तालुक्यांत आहेत. नागपूर आणि अमरावती असे शालेय खेळांचे दोन स्वतंत्र विभाग आपल्याला आहेत. माणसं आहेत, मुली आहेत. एका शाळेने पाच-सात वर्षं हाच एक खेळ धरून बसायला पाहिजे. आज हँडबॉल, पुढच्या वर्षी नवे शिक्षक आले की दुसराच खेळ, यात मुलींची वर्षं वाया जातात.

तुम्ही स्वतः काय करू शकता? एक वही घाला. मुलीच्या प्रत्येक सामन्याला बाजूला बसून पाच गोष्टी लिहा: किती फेकी घेतल्या, त्यातले गोल किती, समोरच्यांचा बॉल किती वेळा हिसकावला, पेनल्टी किती मिळवून दिल्या, आणि हातातून बॉल किती वेळा गेला. मोठ्या स्पर्धांत हे सगळं मोजतात. पुढच्या निवडीला ती वही घेऊन जा. भांडू नका, फक्त निवड करणाऱ्यांपुढे ठेवा आणि विचारा, उजव्या विंगला तुमच्याकडे डावखुरी दुसरी कोण आहे? मी पाहिलं आहे, कागदावर गोष्ट असली की ऐकून घेतात. तुमच्या शाळेच्या सरांना किंवा मॅडमना सोबत घ्या, त्यांना डावलून जाऊ नका.

सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी नेमकी शालेय स्पर्धांच्या हंगामात येते, हे मला माहीत आहे. घरात हात कमी पडतात. तरी त्या दिवसांत सराव पार बंद करू नका. पहाटेचा अर्धा तास दोरीवरच्या उड्या आणि भिंतीवर बॉल मारून झेलणं एवढं चालू राहिलं तरी हात सुटत नाही.

आणि जन्मतारीख आजच तपासा. आमच्या भागात पहिलीत नाव घालताना गुरुजींनी अंदाजे तारीख टाकायची पद्धत होती, म्हणून घरटी एकाचा वाढदिवस १ जून निघतो. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरवर एक तारीख, आधारवर दुसरी, ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर तिसरी असेल तर निवड होऊनही मुलगी घरी परत येते. वयोगट जन्मवर्षावर ठरतात आणि बाहेरदेशी जायचं तर पासपोर्ट त्याच तारखेने निघावा लागतो. खरी तारीख कोणती ती दाखल्यावरून ठरवा आणि सगळीकडे तीच करून घ्या. वय लपवायला कुणी सांगितलं तर त्याचा सल्ला घेऊ नका.

शेवटी बॉल. शाळेत बहुतेक एकच बॉल असतो आणि तो मुलांचा, तीन नंबरचा, ४२५ ते ४७५ ग्रॅम वजनाचा. मुलींचा दोन नंबरचा बॉल घेर ५४ ते ५६ सेंटिमीटर आणि ३२५ ते ३७५ ग्रॅमचा असतो. मोठ्या बॉलवर सराव केला की पंजात पकड बसत नाही, खांदा दुखतो आणि सामन्यात हलका बॉल हातात आला की फेक पोस्टच्या वरून जाते. यवतमाळला गेलात की दोन नंबरचा बॉल मागून घ्या, त्यावर आकडा छापलेला असतो. पहिला महिना तिला फक्त उजव्या कोपऱ्यातून, डाव्या हाताने, दूरच्या खांबावर फेकू द्या.